सभेच्या आधी छापलेला पेपर

चैतराम, तो पंचर राहू दे बे. हातातला पाना ठेव अन् ऐक. पुनाराम, तू बी इकडे सरक. पानी आहे का? द्या पहिले.

हौ, धावत आलो. रेस्टहाऊसपासून भरवेलीपर्यंत धावत. मले तुमच्या सायकली पाह्यजे. उद्या पाह्यजे, अन् नुसत्या सायकली नाई, तुमी बी पाह्यजे. काहून पाह्यजे ते सांगतो, पन सुरुवातीपासून सांगतो. मधात बोलू नका, नाईतर माहं सारं इकडचं तिकडे होते.

माहा दादा, महागू, हिरालाल सेठचा ट्रक चालवे हे तुमाले माहीत आहे. बिरश्याच्या घाटात ट्रक उलटला, तीन मानसं गेले, हे बी माहीत आहे. पन तुमाले जे माहीत आहे ना, ते पेपरातलं आहे. अन् पेपरातलं मी जोडलेलं आहे, प्रेसमधी टाईपाचा एकेक खिळा लावून. ह्या बोटायनं.

हसू नको पुनाराम. "तू काय संपादक आहेस का फकिरा," म्हनते! ऐक तर.

आमच्या प्रेसचं काम कसं चालते ते पाहा. "अंचल-दीप" निंघते रविवारच्या तारखेचा. पन रविवारी छापून कसं चालन? पोष्टात टाका लागते, बस धरा लागते. म्हनून शनिवारी सकाळीच छापतो. चार पानं, सारे हिंदीत. घरी मायसंग मराठी, प्रेसमधी टाईपाच्या पेटीसमोर हिंदी, माह्या बोटायले सवय झाली. अन् टाईप असते उलटा, आरशातल्यासारखा. चार वर्षांत मी असा झालो का, तुमी सरळ कागद वाचता तेवढ्याच जोरात मी उलटा वाचतो. हे ध्यानात ठेवा, पुढं कामात येते.

आता मंत्री जर शनिवारी दुपारी सभा घेईन, तर ती बातमी कवा छापाची? पुढच्या रविवारी? तवा तिले कोन वाचते? मंग आमचे टिकारामजी, प्रेसचे मालक अन् संपादक, काय करत, दौऱ्याचा कागद आधीच येते ना, किती वाजता आगमन, कोन हार घालनार, कोनाचं भाषन, तोच कागद मले देत अन् म्हनत, "फकीरा, 'होगा' को 'हुआ' कर दे." झाली बातमी. सभा आधी पेपरात होते, मंग मैदानात. सारेच करतात. एकडाव लांजीले मंत्री आलाच नाई, गाडी बिघडली रस्त्यात. आमच्या पेपरात त्याले तीन हार अन् टाळ्यायचा कडकडाट. कोनी एक चिठ्ठी लिहिली नाई. उलट मंत्र्याकडून आभाराचं पत्र आलं!

हासा हासा. मी बी हासलो होतो तवा.

तर हे लढाई सरली, तिकडे बांगलादेश झाला, अन् इकडे लगेच इलेक्शन लागलं. बिरश्याले सभा, शनिवारी तीन वाजता. शुक्रवारी संध्याकाळी दादा घरी जेवाले बसला अन् मायले म्हने, "उद्या अंधारातच जातो. सेठनं तीन खेपा सांगतल्या. गावागावातून मानसं भरून सभेले न्याची." माय म्हने, "ब्रेक नीट केले का त्यानं?" दादा म्हने, "सेठ म्हनते इलेक्शन झाल्यावर करू."

हे मी ऐकलं. भाकर खाता खाता ऐकलं. हे बी ध्यानात ठेवा.

शनिवारी सकाळी मी सभेची बातमी जोडून राह्यलो. सारा कागद संपला अन् कॉलम दोन लाइनी कमी पडला. मी ओरडलो, "बाबूजी, दो लाइन कम पड़ रही." टिकारामजी मांगच्या अंगनात आंघोळ करत होते. तिथूनच म्हने, "भर दे रे कुछ."

अन् मी भरलं. बाप्पा, काय मस्ती आलती मले! येवढे वर्षं दुसऱ्याचं जोडलं, आज आपलं. मी जोडलं: "दूर-दूर के गाँवों से जनता गाते-बजाते पैदल ही उमड़ पड़ी, किसी वाहन की आवश्यकता न पड़ी।" बरोबर दोन लाइनी. एक खिळा कमी नाई, एक जास्त नाई.

नाई चैतराम, कोनी सांगतलं नवतं. दादा तवा ट्रक भरून घाटातच होता, अन् मले माहीत होतं का ट्रकच चालून राह्यला. पन "ट्रक में भरकर लाए गए" असं काय कोनी छापते? सभेच्या बातमीत जनता पायीच येत असते. तसंच वाचलं होतं मी नेहमी, तसंच निंघालं बोटातून. टिकारामजीनं प्रूफ पाह्यलं, माह्या पाठीवर थाप मारली, "अरे वाह, तू तो लेखक निकला." पान खाऊ घातलं मले. बारा वाजेपर्यंत बंडलं पोष्टात टाकले मीच.

अन् दोन वाजता तिसऱ्या खेपेले ट्रक उलटला.

ब्रेकच लागले नाई. दादानं डोंगराच्या अंगाले घातला म्हनून दरीत गेला नाई, नाईतर तीनावर भागलं नसतं. तुळसाबाई गेली, केबिनीत दादाच्या बाजूले बसली होती, तिले मंत्री पाहाचा होता. दोन पोरं गेले. दादाचा पाय असा तीन ठिकानी मोडला. सभा झाली, भाषन झालं, मंत्री गेला.

दुसऱ्या दिवशी हिरालाल सेठ काय म्हनते? म्हनते, माहा ट्रक घरच्या आवारात उभा होता. ड्रायव्हर मले न इचारता घेऊन गेला, बजाराची सवारी मारत होता, अन् पेलेला होता. सभेले? सभेले कोनाचा ट्रक गेलाच नाई! हे पाहा पेपर.

माहा पेपर. माह्या दोन लाइनी.

अन् येवढंच नाई. नागपूरच्या मराठी पेपरचा वार्ताहर बिरश्याले गेलाच नवता. त्यानं आमच्यातून उतरवलं. जबलपूरच्या दोन पेपरायनंही उतरवलं. चौथ्या दिवशी सेठजोळ चार पेपर झाले, चारायमधी जनता पायदल! तुमी म्हनसान चार लोकं खोटं बोलन का? अरे चारी मीच होतो ना बे!

दादा दवाखान्यात पोलिसाच्या पहाऱ्यात. माय त्याच्या उशाशी बसे अन् येईन त्याले सांगे, "माह्या महागूनं जन्मात दारूले हात नाई लावला. त्याचा बाप दारूनं गेला, त्यानं पाह्यलं ते." नर्सबाईले सांगे, पोलिसाले सांगे. मले मात्र काई म्हने नाई. त्या लाइनी माह्या आहेत हे मी तिले सांगतलंच नवतं.

मी गेलो टिकारामजीकडे. म्हनलं, बाबूजी, भूलसुधार छापा. येवढंच छापा का सभेची बातमी सभेच्या आधी छापली. त्यायनं दार लावून घेतलं. ते काई वाईट मानूस नाई रे. माह्या मायले टायफाईड झाला तवा तेच डॉक्टर घेऊन आलते. पन त्यायचा चेहरा असा झाला, पांढरा. म्हने, "मंत्री की सभा का भूलसुधार आज तक किसी ने छापा है? कागज का कोटा उन्हीं के दस्तखत से आता है, फकीरा. कोटा गया तो प्रेस गया. तू, मैं, मशीनवाला, सब घर." मंग हळूच म्हने, "और वो लाइनें मैंने तो नहीं लिखी थीं."

मी दार उघडून बाहेर पडलो.

मंग चौकशी लागली. बाहेरून एक साहेब आला, रेस्टहाऊसमधी बसला. त्यानं ठरवाचं का ट्रक सेठनं धाडला का दादानं चोरला. धाडला तर सेठवर, चोरला तर दादा जेलात. माह्या डोक्यात एकच, आपला पेपर सभेच्या आधी छापला हे दाखवलं का त्या दोन लाइनीची साक्षच खलास. जो पेपर बारा वाजता पोष्टात पडला, तो तीन वाजताची गोष्ट पाहीन कसा? अन् पेपरावर जो कागदाचा पट्टा लावतो ना आमी, पत्ता लिहाले, त्याच्यावर पोष्टाचा शिक्का असते. तारीख अन् टाईम.

आता पट्टा कोन ठेवते? पेपर उघडताना पहिले तोच फाटते. बालाघाटात बारा घरं फिरलो. कोनी चुलीत टाकला, कोनी कान खाजवाले घेतला. मंग मले किरनापूरची जिजाबाई आठवली. पुनाराम, तुहीच सायकल मांगून नेलती, आठवते? तू म्हने, "कोन्या पोरीले भेटाले चालला?" ती पोरगी साठ वर्षांची होती!

तिचा मालक मास्तर. तो जाऊन तीन वर्षं झाले, पन पेपर जातेच. काहून का टिकारामजी ग्राहकाचं नाव कवाच कापत नाई, ग्राहक कमी दाखवले तर कोटा कमी होते. आमच्या यादीत पन्नास तरी मेलेले आहेत. तर जिजाबाईले वाचता येत नाई, अन् पेपर नवऱ्याच्या नावानं येते, म्हनून ती उघडत नाई. फडताळात रचून ठेवते. तीन वर्षाचे पेपर, पट्ट्यासकट, कोरे करकरीत! मी लगेच तारखा पाहाले लागलो.

मी म्हनलं, "मावशी, येक पाह्यजे, मांगच्या मांगच्या शनिवारचा." ती म्हने, "फाडशीन का?" म्हनलं, "नाई फाडत." तिनं पेपर घेतला, पदरानं पुसला, अन् म्हने, "त्यायचं नाव आहे त्याच्यावर. वापस आनून देजो." मी शपथ घेतली.

गुरुवारी साहेबासमोर ठेवला. मी साक्ष दिली सगळ्यायसमोर, म्हनलं, साहेब, ह्या दोन लाइनी मी लिहिल्या, मनानं लिहिल्या, तवा सभा झालीच नवती. सेठचा वकील हासला, "याने आप झूठ लिखते हैं?" मी म्हनलं हौ. "तो आज सच क्यों बोल रहे हैं?" अन् मायनं माह्याकडे पाह्यलं. तवा तिले समजलं का ते मी होतो. तिनं फक्त पाह्यलं रे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबानं पेपर उचलला अन् मी "साहेब, नाई" म्हनेपर्यंत पट्टा फाडला, चर्रकन्. शिक्का उजेडात धरला. तारीख साफ, शनिवार. टाईम? टाईमवर शाई पसरली होती. "शनिवार तो ठीक है," साहेब म्हने, "पर सभा भी शनिवार को ही थी. शाम को छापा होगा." टिकारामजीले इचारलं. टिकारामजी खाली पाहून म्हने, "जी, शाम को."

फाटका पेपर साहेबानं माह्याच हातात वापस देल्ला. त्या दिवशीच मले कामावरून काढलं. साहेबानं सांगतलं, निकाल सोमवारी अकरा वाजता.

थांब, अजून आहे. खरं तर पुढंच आहे.

शनिवारी, म्हनजे परवा, सकाळी मी प्रेसमधी गेलो, माही चप्पल अन् डबा राह्यला होता तिथं. गोंदियावरून नवीन कंपोजिटर आनलेला, तो चहा प्याले गेलता. मशीनवाला बी त्याच्यासंगं. दगडावर छापून उतरवलेला फर्मा ठेवलेला, म्हनजे खिळ्यायचं कसून बांधलेलं पान. मी सवयीनं पाह्यलं. उलट्या टाईपात पाह्यलं अन् तिथंच उभा राह्यलो. पहिल्या पानावर, मोठ्या टाईपात:

"जाँच में चालक दोषी। नशे में बिना अनुमति ट्रक ले गया था।"

शनिवार होता बे! निकाल सोमवारचा! टिकारामजीले पुढच्या रविवारपर्यंत थांबाचं नवतं, म्हनून नेहमीसारखं "होगा"चं "हुआ" करून टाकलं. कोन्या कागदावरून केलं? कोनी देल्ला तो कागद? देवाशप्पथ, मी घाबरलो कमी अन् खुश झालो जास्त. नाचावं वाटलं. अरे, हाच तर पुरावा! घटनेच्या आधी छापतात, हे त्यायनं साहेबाच्याच निकालावर करून दाखवलं! मशीनजोळ रद्दीत त्याच पानाचे खराब कागद पडून होते, शाई कमी लागलेले. येक उचलला, बंडीत घातला, अन् सरळ पोष्टात. या वेळेस साधा नाई, रजिस्टर केला. पावती घेतली. पावतीवर तारीख, अन् टाईम मी बाबूच्या हातानं लिहून घेतला, सकाळी साडेनऊ. पत्ता लिहिला, चौकशी साहेब, रेस्टहाऊस, बालाघाट. सोमवारी सकाळी टपाल येते नऊ-दहाले. निकालाच्या आधी.

दोन रात्री मी झोपलो नाई. मायले म्हनलं, माय, दादा सुटते. मी म्हनलं असं. काहून म्हनलं!

आज सकाळी आमी सारे तिथं. हिरालाल सेठ, त्याचा वकील, टिकारामजी, तुळसाबाईचा पोरगा, माय, मी. साहेबाच्या टेबलावर टाईप केलेला निकाल ठेवलेला. पोष्टमन आला, सही घेतली, पाकीट देल्लं. साहेबानं उघडलं. वाचलं. अन् मंग पुन्हा वाचलं. त्यानं पाकिटावरचा शिक्का पाह्यला, माह्याकडे पाह्यलं. मी पावती वर धरली, अशी. मंग त्यानं टिकारामजीकडे पाह्यलं. टिकारामजीचे ओठ हालून राह्यले होते, आवाज नाई. सेठ आपले जोडे पाहून राह्यला.

मी मनात म्हनलं, झालं. जिंकलो.

साहेबानं खिशातून पेन काढला. टेबलावरच्या निकालाचा कागद माह्याकडून उलटा होता. पन मी सांगतलं ना तुमाले, मले उलटंच जास्त वाचता येते. मी वाचला. पहिलीच ओळ: जाँच में चालक दोषी. नशे में बिना अनुमति... तेच. शब्द न् शब्द तेच. पेपरात निकालातून आलं का निकालात पेपरातून, मले काय माहीत! साहेबानं पेनानं "नशे में" येवढंच खोडलं. दोनदा रेघ मारली. मंग उभा राहून बाकीचं वाचून दाखवलं. चालक दोषी. ट्रक बिना अनुमति. माहा रजिस्टर कागद घडी करून आपल्या बॅगेत टाकला, बॅग बंद केली.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाई. पोलिसानं मले बाहेर काढलं. दादाले दुपारी दवाखान्यातून नेलं, पलस्तर घातलेल्या पायासकट, जीपमधी आडवा टाकून. मले पाहून म्हने काय, माहीत आहे? म्हने, "फकिरा, मायले घरी ने. उन्हात उभी आहे."

अन् मायनं रस्त्यात मले येकच इचारलं, "दारू पेलता म्हनून वाचलं का त्यानं?" मी म्हनलं, "नाई माय. ते खोडलं. माह्या डोयानं पाह्यलं." तिनं पदर तोंडाले लावला. म्हने, "मंग ठीक आहे. मंग गावात मान वर करून चालता येते."

मान वर करून! अन् पेपर? पेपर तर शनिवारीच गेला बे! साहेबाच्या खोडलेल्या कागदाले कोन पाह्यते? तो सरकारी पेटीत. पेपरात "नशे में" तसंच आहे, मोठ्या टाईपात, दोनशे ऐंशी घरी. आज-उद्या कोनी ना कोनी तो मायसमोर वाचून दाखवनच. चौकात, नळावर, कुठं बी.

म्हनून सायकली. यादी माह्या तोंडपाठ आहे, चार वर्षं पत्ते मीच लिहिले. बालाघाट मी पायदल करतो. पुनाराम, तू किरनापूरच्या रस्त्यानं. चैतराम, तू वाराशिवनीकडे. घरात जाचं, राम राम, जय भीम, जे चालन ते म्हनाचं, अन् पेपर मांगाचा. पेनानं "नशे में" खोडाचं. दोनदा रेघ, साहेबानं मारली तशी. कोनी इचारलं कोनी सांगतलं, तर सांगाचं, साहेबानंच खोडलं, हा कंपोजिटर तिथं उभा होता. हाकललं तर पुढच्या घरी जाचं. अन् ज्याच्याकडे मांगचा सभेचा अंक असन, त्यातल्या माह्या दोन लाइनी बी खोडाच्या. त्या पहिले खोडाच्या.

हौ, माहीत आहे, दोनशे ऐंशी होनार नाई. पन्नास तर मेलेलेच आहेत. साठ-सत्तर तरी होईन का नाई? पुनाराम, तू गप काहून आहे? उद्या तुही पहिली पाळी आहे का खदानीत? बदलून घे ना. घेशीन?

किरनापूरले जिजाबाईकडे मात्र खोडू नको. तिच्याकडचा फाटका पेपर नेऊन दे, मी पट्टा डिंकानं चिकटवला आहे, नाव वरती येईन असा. मी शपथ घेतली होती, पन तिच्यासमोर जाची माही हिंमत होत नाई. या आठवड्याचा तिनं उघडला नसन. उघडू बी नको म्हना. तेवढ्या येका घरी दादा प्यालेला नाई.

चैतराम, तो पंचर काढ आता. काढ लवकर. अन् मागच्या चाकात हवा जास्त भर, रस्ता खराब आहे तिकडे.